तुमचं काम झालं म्हणून समजा

दारातून याचक रिकाम्या हाताने परत जाऊ नये म्हणून जीव टाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण जगातला एकही फोन न उचलता परत जाऊ नये म्हणून जीव टाकणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो माझ्या धाकट्या मावशीचा नवरा आहे. आम्ही भावंडं त्यांना काका म्हणतो. फोन कुणाचा, कुणासाठी, कशासाठी, असले क्षुद्र प्रश्न काकांना पडत नाहीत. घंटी वाजली की आधी त्यांचा हात निघतो आणि हातामागून काका निघतात. "वाजता फोन आन् रडतं लेकरू, आधी उचलायचं. कुणाचंय ते मागून बघायचं," हे त्यांचं तत्त्वज्ञान. एकदा बँकेत कुणी एक गृहस्थ टेबलावर मोबाईल ठेवून पाणी प्यायला गेले आणि तेवढ्यात तो वाजला. काकांनी उचलला. "बोला. हां, ते पाणी प्यायला गेलेत. रविवारी? चालंल की रविवारी. किती माणसं येणार? या, या, जेवायलाच या." गृहस्थ मिशा पुसत परत आले तोवर त्यांच्या मुलीच्या बघण्याचा कार्यक्रम ठरून गेला होता. पुढे ते लग्न जमलं, आणि मांडवात काकांना मानाचा फेटा बांधला गेला, म्हणून ती गोष्ट सगळे हसून सांगतात. पण आमच्या गल्लीत एक म्हातारबुवा वारले, तेव्हाची गोष्ट कुणी हसून सांगत नाही. मयत अंगणात ठेवलेली, बायका रडताहेत, आणि फळीवर ठेवलेला म्हातारबुवांचा मोबाईल वाजायला लागला. कुणाची हिंमत होईना. काका पुढे झाले. "हॅलो. न्हाई हो, ते आता बोलू शकत न्हाईत." मग थोडं थांबून, अतिशय सौजन्याने, "न्हाई, उद्या बी जमणार न्हाई."

काकांना पूर्ण बसलेलं मी त्या दिवसांत कधी पाहिलं नव्हतं. ते अर्धे बसत. खुर्चीच्या कडेवर अर्धे टेकलेले, उरलेले अर्धे निघालेले. चहा ते अंगणात फेऱ्या मारत पीत, त्यामुळे कप कधी तुळशीकट्ट्यावर सापडे, कधी मोटरसायकलच्या सीटवर. पाहुण्यांच्या घरी गेले की मोटरसायकल बंद न करता दारातूनच ख्यालीखुशाली विचारत, आणि पाहुणा उत्तर देईपर्यंत चौकात पोचलेले असत. "ह्यांच्या कुंडलीत चंद्राच्या जागी भिंगरी हाय," असं मावशी म्हणे. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर आणि पक्कड. कुणाच्याही घरी गेले की वैद्याने नाडी बघावी तसे तिथला फोन उचलून कानाला लावत, डोळे मिटत, आणि "लाईनीत ओल हाय" किंवा "तब्येत चांगली हाय" असं निदान सांगून ठेवून देत. स्वतःच्या तीन खोल्यांच्या घरात त्यांनी प्रत्येक खोलीत फोन बसवला होता, एक मोरीच्या भिंतीवरसुद्धा. पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात चार पावलं टाकण्याऐवजी ते स्वयंपाकघराचा नंबर, म्हणजे बारा, फिरवत. "बारा नंबर, चहा टाका." आतून मावशी फोन न उचलताच ओरडे, "बारा नंबर मेला!"

काकांचा धंदा म्हणजे छोट्या दुकानांना, दवाखान्यांना, कचेऱ्यांना फोनची पेटी बसवून देणं. बाहेरून एक लाईन येते आणि पेटीतून चार टेबलांवर जाते. घरोघरी मोबाईल आले तेव्हा हा धंदा मरायला हवा होता. पण काकांनी हेरलं की मालकाचा मोबाईल मालकाच्या खिशात असतो आणि मालक लग्नात असतो. शटरवर रंगवलेला, पिशव्यांवर छापलेला नंबर मात्र दुकानाचा असतो, आणि तो बंद दुकानात एकटाच वाजत राहतो. ही कल्पनाच काकांना सहन होईना. त्यातून त्यांनी पेटीला जोडायचं एक यंत्र आणलं. कुणी उचलला नाही की ते स्वतः फोन उचलतं, दोन शब्द बोलतं, शिट्टी वाजवतं आणि समोरच्याचा निरोप साठवून ठेवतं. त्याचं नाव काकांनी ठेवलं 'निरोप्या'. "ह्या निरोप्याला पगार न्हाई, तंबाखू न्हाई, सासुरवाडी न्हाई," असं सांगत ते आमच्या तालुक्याच्या गावी, पाटोद्याच्या बाजारपेठेत फिरू लागले. शिवाय कुठूनही फोन लावून, गुप्त आकडे दाबून, कुठल्याही पेटीतले निरोप ऐकायची सोय होती. ती मालकांसाठी होती, पण पेटी नीट चालते का हे बघायच्या नावाखाली काका स्वतःच दिवसभर सगळ्या तालुक्याचे निरोप ऐकत आणि मालकांना कळवत.

निरोप्याने बोलायचं काय, हा प्रश्न ते माझ्याकडे घेऊन आले, कारण घराण्यात लिहिणारी मी एकटी. माझे वडील कामगार संघटनेचं काम करत. आमच्या घरात धान्याची पोती कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. त्याच पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी मुळाक्षरं गिरवली. त्यामुळे मला एकाच जातीचं लिहिता येतं. खताच्या दुकानासाठी मी लिहून दिलं, "शेतकरी बंधू-भगिनींनो! तुमचा आवाज आता कुणीही दडपू शकणार नाही! शिट्टी वाजताच निर्भयपणे बोला!" काकांनी ते माझ्याच आवाजात भरून घेतलं. शेतकरी बंधू-भगिनी खरोखरच निर्भयपणे बोलले. पोत्यात माप कमी भरतं, खताबरोबर नको ते औषध गळ्यात मारतात, पावती मागितली की मालक आकाशाकडे बघतो. दुकानदार हात जोडत काकांकडे आला. "काका, ही बाई काढा. माझ्याच दुकानातून माझ्यावर मोर्चा काढायली." मला वाटतं, माझ्या लेखनाचा एवढा थेट परिणाम त्याआधीही झाला नव्हता आणि नंतरही झालेला नाही.

मग काकांनी स्वतःच्या आवाजात साधा निरोप भरला. दुकान बंद आहे, शिट्टीनंतर बोला. आणि काय झालं, तर कुणी बोलेचना. पेट्या नुसत्या शांततेने भरल्या. मधूनच एखादं "हॅलो? हॅलो?", कुठे खोकला, कुठे बैलाच्या गळ्यातली घंटा, कुठे एक शिवी आणि खट्. काका रात्रंदिवस त्या शांतता ऐकत बसले, म्हणजे ऐकत फिरले, आणि एक दिवस दारातूनच ओरडले, "सापडलं! आगं, माणूस दारात आला आन् आपण त्याला 'बोला' म्हणायलो! आधी 'या, बसा' नको? कसा बोलंल त्यो?" त्यांचं खरंच होतं. आमच्याकडे कामाचं एकदम बोलणं म्हणजे उद्धटपणा. आधी राम राम, मग तब्येत, मग घरची मंडळी, मग पाऊसपाणी, आणि सगळं रीतसर झालं की "बरं, एक काम होतं." ही पायरी चढल्याशिवाय माणसाच्या तोंडातून काम निघतच नाही.

तेव्हा काकांनी निरोप्याला रीत शिकवली. "राम राम!" म्हणायचं आणि थांबायचं, समोरचा राम राम म्हणेपर्यंत. "बरं हाय का?" म्हणायचं आणि थांबायचं. "घरची मंडळी बरी?" थांबायचं. "हां, हां." मग "पाऊसपाणी काय म्हणतंय?" थांबायचं. "व्हय, व्हय. चालायचंच." मग "बरं, बोला. निवांत सांगा, घाई न्हाई." इथे निरोपाला मोठी जागा, पण पेटी पहिल्या राम रामापासून सगळंच साठवून ठेवे. शिट्टी त्यांनी काढूनच टाकली. शिट्टी म्हणजे पाहुण्याला हाकलल्यासारखं वाटतं. आणि शेवटी, समोरचा बोलायचा थांबला की, भरघोस आवाजात, "तुमचं काम झालं म्हणून समजा!" कुठे किती थांबायचं हे ठरवायला ते पुढच्या खोलीतून स्वयंपाकघरात पुन्हा पुन्हा फोन करत आणि मावशीची उत्तरं मोजत. मावशी मला म्हणाली, "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ह्यांनी मला 'बरं हाय का' इचारलं. ते बी पेटीतून."

पेट्या बोलू लागल्या. तालुका वेडा झाला. लोक निरोप तर ठेवतच, वर अजून काय काय ठेवत. म्हशीचं दुखणं, जावयाची नोकरी, ऊसतोडीला कारखान्यावर गेलेल्या लेकाची काळजी. खताच्या दुकानात एक गृहस्थ बाजाराच्या दिवशी येऊन विचारत होते, "दुपारी फोनवर असतात ते मायाळू पाव्हणे कुठायत? त्यांच्यासाठी शेंगा आणल्यात." दुकानदाराने शेंगा ठेवून घेतल्या आणि पाव्हणे गावाला गेल्याचं सांगितलं. कुणालाही पेटी ही पेटी वाटेना, आणि काका आनंदाने अधिकच जोरात फिरू लागले.

मला मात्र ते सहन होईना. "काका, ही फसवणूक आहे," मी म्हणाले. "मशीनने आपण मशीन आहोत असं सांगितलं पाहिजे. समोरचा माणूस खरं सुखदुःख सांगतो आणि इथे ऐकायला कुणी नसतं."

"मी ऐकतो की. सवडीनं."

"सवडीनं! आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत त्याचं मन हलकं. पुढारीणबाई, देवळातला देव कधी म्हणतो का, मी दगड हाय म्हणून? लोक येतात, सांगतात, हलके हून घरी जातात."

मावशी भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, "देव निदान 'काम झालं म्हणून समजा' तरी म्हणत न्हाई."

काका हसले आणि मोटरसायकलकडे निघाले. मी चिडून पत्रक काढलं. 'माणसाच्या जागी माणूसच हवा!' असा मथळा, खाली सात कलमं, शेवटी तीन उद्गारचिन्हं. छापून आणलेला गठ्ठा मी वाटायला निघाले तर काका म्हणाले, "उन्हात कशाला फिरतीस? मी जातोच हाय बाजारात, दे इकडं." आणि खरंच वाटून आले. एक शिल्लक राहिलेलं मी उलटून पाहिलं, तर मागे रबरी शिक्का. 'निरोप्या बसवून मिळेल.' काका म्हणाले, "एवढी कोरी जागा वाया घालवायची? तुज्या लिहिण्याला कुटं हात लावलाय का मी?" या माणसाशी भांडण करायला उभं राहावं, तर तो आपलीच पिशवी धरून आपल्या बाजूला चालू लागतो. त्या पत्रकाने त्यांना नवीन गिऱ्हाईक मिळवून दिलं, ते म्हणजे रफिकभाई.

रफिकभाईंच्या तीन जीपगाड्या आणि स्टँडजवळ एक पत्र्याची कचेरी. डोंगरावरच्या वस्त्यांना गाडी म्हणजे रफिकभाईचीच. लग्न असो, मयत असो, बाळंतपण असो, त्या कचेरीचा नंबर लोकांनी चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवलेला. त्यांनी पत्रक वाचलं नाही, शिक्का वाचला. "काका, मशीन बिठाओ. लेकिन राम राम के साथ सलाम भी डालो," एवढीच त्यांची अट. काकांनी "राम राम, सलाम!" असं खास भरून दिलं, आणि त्या जोडीवर ते इतके खूश झाले की स्वतःच दिवसातून कितीदा तरी तिथे फोन लावून ऐकत.

कार्तिकातल्या एकादशीला पाटोद्याची सगळी बाजारपेठ बंद करून माणसं नारायणगडावर दर्शनाला गेली होती. रफिकभाईंच्या तिन्ही गाड्या भाविकांच्या फेऱ्यांना, आणि त्यातली एक ते स्वतः चालवत होते. त्याच गाडीने काका, मावशी आणि मी गेलो. दर्शन झालं. मावशी झाडाखाली केळी सोलत बसली, मी तिच्याशेजारी. काकांना कसं बसवणार? ते मोबाईल कानाला लावून गर्दीत येरझारा घालत, तालुक्याच्या पेट्या एकामागून एक ऐकत होते. मधूनच हसत होते. आणि एकदम ते उभेच राहिले. चालता चालता थांबलेले काका मी पहिल्यांदा पाहिले, म्हणून मी धावत गेले. त्यांनी मोबाईलचा आवाज मोठा केला आणि पेटी पहिल्यापासून लावली.

"राम राम, सलाम!" काकांचा भरघोस आवाज.

"रफिक हाय का?" एका म्हातारीचा धापा टाकणारा आवाज. "आरं बाबा, मी वस्तीवरची बोलायली..."

"बरं हाय का?"

"बरं कुठलं रं! सुनंला कळा लागल्यात. गाडी धाड लवकर."

"घरची मंडळी बरी?"

"आरं तेच सांगायली न्हवं का! सून! पहिलटकरीण हाय. माझा लेक तिकडं कारखान्यावर, घरी बाप्या माणूस न्हाई."

"हां, हां. पाऊसपाणी काय म्हणतंय?"

म्हातारीने याचंही उत्तर दिलं. विचारणाऱ्याला उत्तर द्यायची रीत, म्हणून तशा घाईतही दिलं. "पाऊस... कार्तिकात कुठला पाऊस, बाबा."

"व्हय, व्हय. चालायचंच. बरं, बोला. निवांत सांगा, घाई न्हाई."

"घाई हाय रं! आमी तिला बैलगाडीत घालून चिंचेच्या फाट्यावर आणतो. थेट तिथंच धाड गाडी. येशील न्हवं?"

"तुमचं काम झालं म्हणून समजा!"

"लई उपकार झाले बाबा," म्हातारी म्हणाली आणि फोन बंद झाला. तिच्यामागे आणखी निरोप होते, फाट्यावरून केलेले. बैलगाडीवाला सोडून निघून गेला, सून बाकावर निजलीय, कुठंवर आलास, का येईना झालास. आणि प्रत्येक वेळी काकांचा आवाज तिला तितक्याच मायेने विचारत होता, घरची मंडळी बरी?

पेटीत नंबर उमटायची सोय नव्हती, त्यामुळे उलट फोन लावता येईना. मी अँब्युलन्सला फोन लावला. ती दुसरा पेशंट घेऊन बीडकडे निघालेली होती. काकांनी पाटोद्यातल्या ज्यांचे ज्यांचे मोबाईल लावले ते सगळे गडावरच निघाले, काही तर आमच्यापासून हाकेवर, हातात प्रसादाचा द्रोण घेऊन. मग काका दुकानांचे नंबर लावू लागले. एखादा गडी झोपलेला असेल, एखादा मालक मागे राहिला असेल, कुणीतरी एक गाडी घेऊन फाट्यावर जाईल. खताचं दुकान लावलं. "राम राम! बरं हाय का?" दवाखान्याच्या शेजारचं औषधाचं दुकान लावलं. "राम राम! बरं हाय का?" दूध डेअरी, पंपवाला, मंडपवाला. जिकडे लावावं तिकडे काकाच काकांना विचारत होते, बरं हाय का. शेवटी भर गर्दीत ते मोबाईलवर ओरडले, "आरं कुणी माणूस हाय का रं तिथं?" तिकडून शांतपणे आलं, "घरची मंडळी बरी?"

मी हसले नाही. ते दृश्य दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर पोट धरून हसले असते.

रफिकभाई भाविकांची फेरी घेऊन खाली गेलेले, गाडी चालवताना फोन उचलत नव्हते; ते परत आले तेव्हा त्यांना चहाच्या टपरीपाशी गाठलं. त्यांना मोबाईल ऐकवला. दोन वाक्यांत त्यांनी आवाज ओळखला. "ये तो वस्ती की बुढिया है. चलो!" भाविक मागे राहिले, मावशीने अंगावरची शाल आणि पाण्याची बाटली घेतली, आणि जीप गडावरून उतरू लागली. वाटेत समोरून येणाऱ्या बैलगाड्या, पायी चालणारी माणसं, टाळ वाजवत निघालेली पोरं. रफिकभाई हॉर्नवरचा हात काढत नव्हते आणि तोंडाने ट्रॅक्टरवाल्यांचा उद्धार करत होते, "हट बे, बाजू हो!" मावशी डोळे मिटून ओठ हलवत होती. काका पुढच्या सीटवर होते. त्यांचा एक पाय सारखा खाली आपटत होता, जणू गाडीला त्यांच्या बाजूनेही ॲक्सिलरेटर होता. माझ्या मनात माझ्या पत्रकाची सातही कलमं शब्द न् शब्द उभी होती, आणि मी मनातल्या मनात एकच म्हणत होते, ती तिथे जिवंत असू दे.

चिंचेच्या फाट्यावर पत्र्याची एक शेड आहे. तिथल्या बाकावर ती पोरगी आडवी पडलेली, डोकं सासूच्या मांडीवर, ओठ पांढरे. म्हातारीने जीप पाहिली आणि रडण्याआधी ती भांडली. "रफिक्या, मुडद्या, मघाधरनं वाट बघायलो आमी! जेवायला बसलतास का?" रफिकभाईंनी ते निमूट ऐकून घेतलं. मावशीने कुणाला काही न विचारता शाल पसरली, पोरीला उचलायला लावलं आणि स्वतः तिच्या पाठीशी टेकण म्हणून बसली. "मोठा श्वास घे गं बाई. आलं आता पाटोदा." गाडी सुटली. काका मागे वळले आणि पाण्याची बाटली पुढे करत म्हणाले, "आजी, जरा पाणी घ्या. बरं वाटंल."

म्हातारीचा हात तसाच राहिला. तिने काकांच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. "आगं बया. ह्योच की त्यो! फोनवर बोलतो त्यो!" सुनेला कळ आली, ती ओरडली, म्हातारीने तिचा हात घट्ट धरला, आणि कळ ओसरल्यावर खालच्या आवाजात काकांना म्हणाली, "दर डाव इचारलंस, घरची मंडळी बरी का म्हणून. दर डाव सांगितलं मी तुला. इचारत व्हतास, मग ऐकत का न्हवतास रं?"

काकांना सांगता आलं असतं. आजी, तो मी नव्हतो, ते मशीन होतं. खरं तेच होतं, आणि म्हातारीने कदाचित मानलंही असतं. रफिकभाईंनी आरशातून काकांकडे पाहिलं. तेही बहुधा त्याच वाक्याची वाट बघत होते. काका म्हणाले, "चुकलं, आजी." आणि पुढे तोंड करून बसले. त्यांचा आपटणारा पाय थांबला होता.

सरकारी दवाखान्यात पोचल्यावर थोड्याच वेळात मुलगी झाली. दोघी सुखरूप. डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अजून उशीर झाला असता, तर..." म्हातारी व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली, पदराने तोंड पुसलं, आणि भिंतीला टेकून उभ्या असलेल्या काकांना तिने हाताने शेजारी बसायची खूण केली. मग म्हणाली, "तुज्या घरी कोण कोण असतं रं?"

"मी आन् ही," काका म्हणाले.

"लेकरूबाळ?"

काकांनी नाही म्हणून मान हलवली. म्हातारी थांबली. घाई केली नाही, दुसरा प्रश्न विचारला नाही, हां हां म्हणाली नाही. काकांना अजून काही सांगायचं असेल तर त्याला जागा ठेवून ती नुसती बसून राहिली. आणि काका बोलले. काय बोलले ते मी इथे लिहिणार नाही. ते मला सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी दुकान न् दुकान पालथं घालून सगळ्या पेट्यांतलं राम राम पुसलं. दुकानदार कुरकुरले; गिऱ्हाईक तुटेल म्हणाले, काहींनी पेट्याच काढून परत दिल्या. नवा मजकूर काकांनी मलाच लिहायला सांगितला. वाद मी जिंकले होते, पण त्याचं पत्रक काढावं असं काही वाटेना. मी सरळ चार वाक्यं लिहिली. ती काकांना म्हणता येईनात. भरायला बसले की तोंडातून आधी "राम राम"च निघे, मग थांबणं, मग परत पुसणं. शेवटी मावशीने भाकरीचे हात पदराला पुसले, फोन ओढून घेतला आणि माझा कागद बाजूला सारून एका दमात सांगून टाकलं, "ही पेटी बोलायली. इथं आत्ता माणूस न्हाई. निरोप सांगा, माणूस आला की ऐकंल. जिवाची घाई असंल तर आमच्या घरी फोन करा." आणि घरचा नंबर. तालुक्यातल्या उरलेल्या सगळ्या पेट्यांत आता तेच आहे. खताच्या दुकानात अजून लोक विचारतात म्हणे, तो मायाळू माणूस का काढला, चांगला बोलायचा बिचारा.

मी आता नोकरीसाठी बीडला असते. मावशी तिच्या मोबाईलवरून तक्रार करते, "दळण आणायचं तर मीच, लाईटबिल भरायचं तर मीच. हे फोनपासून हलंनात. मोटरसायकलवर कोंबड्या बसायल्यात." घाईचे फोन महिन्यातून एखाददुसरे येतात, बाकीचे बिनघाईचे. कारखान्यावरून कुणी विचारतं, आमच्या वस्तीकडं जाणार असाल तर आईला एवढं सांगा. कुणी काहीच विचारत नाही, नुसतं बोलतं. काका एकदाच "बरं हाय का?" म्हणतात आणि समोरचा संपेपर्यंत तोंड उघडत नाहीत. चिंचेच्या फाट्यावरची म्हातारी नातीचं एकेक कौतुक सांगायला फोन करते, आणि ते सांगणं लवकर संपत नाही.

कधी संध्याकाळी खोलीवर करमत नाही, एखादं लिहिलेलं वाचून दाखवावं, नाहीतर नुसतं भांडावं असं वाटतं, तेव्हा मी त्यांच्या घरचा नंबर लावते. लाईन बहुतेक एंगेज असते. मी थोडा वेळ तो टूं टूं आवाज ऐकते. मग माझं काही घाईचं नाही, हे आठवून फोन ठेवते.